पैसे लावून पोकर खेळावा का? कोकणातून नेहमी येणारे प्रश्न

मालवण तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मी सोनंतारणाचं काम पाहते. पत्ते मलाही आवडतात. मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन आमच्या घरात आजीपासून चालत आलेत. गेल्या काही वर्षांत मात्र पोकर वाडीवाडीत पोचला. कुणी तो मोबाइलवर शिकलं, कुणी गोव्यात नोकरीला असताना, तर कुणी चाकरमानी गणपतीला येताना चिप्सची, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्यांची, पेटीच घेऊन आला. खेळाबरोबर प्रश्नही आले. काउंटरवर, एसटीत, बचत गटाच्या बैठकीत लोक जे विचारतात आणि मी जे सांगते, ते इथे एकत्र केलं आहे. कायद्याची माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्यक्ष प्रकरण अंगावर आलं असेल तर वकिलाला गाठा.

थोडक्यात सांगा: पैसे लावून पोकर खेळणं समाजाच्या दृष्टीने बरोबर की चूक?

समोरचा जे हरेल ते त्याला आणि त्याच्या घराला सहज झेपणार असेल, आणि टेबलावरून तिसराच कुणी पैसे काढून नेत नसेल, तर मी चूक म्हणणार नाही. या दोन अटी एकत्र पुऱ्या झालेल्या मी फार थोड्या ठिकाणी पाहिल्या आहेत. त्यामुळे विचारायला येणाऱ्या बहुतेकांना माझं सांगणं 'खेळू नका' असंच असतं.

पोकर म्हणजे आपली तीन पत्तीच ना?

नाही. तीन पत्तीत वाटलेले तीन पत्ते हाच तुमचा डाव, बाकी सगळी हिंमत. पोकरचा सर्वात चालणारा प्रकार टेक्सास होल्डेम. त्यात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि मध्ये पाच पत्ते उघडे येतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. या सातांतून पाच पत्त्यांचा चांगल्यात चांगला हात करायचा. प्रत्येक टप्प्याला बोली असते. जुळवा, वाढवा किंवा पत्ते टाकून बाजूला व्हा. हातात काही नसताना मोठी बोली लावून समोरच्याला पळवणं, म्हणजे ब्लफ, हे त्यातलं मोठं अंग आहे.

52 पत्त्यांतून पाच पत्त्यांचे 25,98,960 वेगवेगळे हात होतात. सुरुवातीला हातात एक्क्यांची जोडी येण्याची शक्यता 221 डावांत एकदा. बरं, आली जोडी आणि समोर राजांची जोडी असली, तरीही शंभरातले अठराएक डाव एक्केवाला हरतो. म्हणजे कुणीही कितीही तयार असो, एका रात्रीत काहीही होऊ शकतं. कौशल्य दिसतं ते हजारो डावांच्या हिशेबात.

नवीन मुलगा इथेच फसतो. पहिल्याच रात्री नशिबाने जिंकतो आणि आपल्याला खेळ कळला असं धरून चालतो. पुढे हरतो तेव्हा त्याला नशीब फिरलं असं वाटतं. दोन्ही वेळा त्याने उलटं वाचलेलं असतं.

टेबलावरचा पैसा येतो कुठून आणि जातो कुठे?

माझ्या मते सगळ्या प्रश्नांतला हा सर्वात कामाचा प्रश्न आहे, आणि तो सर्वात कमी विचारला जातो.

पोकरमध्ये तुम्ही जिंकलेला प्रत्येक रुपया टेबलावरच्याच कुणीतरी हरलेला असतो. बाहेरून काही येत नाही, टेबलावर काही पिकत नाही. उलट बाहेर जातं. क्लब असो, कॅसिनो असो किंवा कुणाचा रिकामा बंगला असो, जागा देणारा प्रत्येक डावातून हिस्सा काढतो. त्याला रेक म्हणतात.

हिशेब करून पाहू. सहा जण प्रत्येकी 2,000 रुपये घेऊन बसले, एकूण 12,000. डाव सरासरी 500 रुपयांचा, रेक 5 टक्के, म्हणजे डावामागे 25 रुपये. तासाला 25 डाव झाले तर 625 रुपये, आणि पाच तासांत 3,125. पहाटे उठताना सहाच्या सहा जणांच्या खिशात मिळून 8,875 रुपये उरले. पाव भागाहून जास्त पैसा कुणीही न जिंकता गेला. 5 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण तेच पैसे पुन्हा पुन्हा डावात फिरतात आणि दर फेरीला त्यातून काप निघतो.

कोर्टाने त्याला कौशल्याचा खेळ म्हटलंय ना? मग अडचण काय?

कोर्टांचं एकमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये चमारबागवाला प्रकरणात जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यवसाय नव्हे असं सांगितलं आणि कौशल्याच्या स्पर्धा त्यापासून वेगळ्या काढल्या. पुढे त्याच न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या सत्यनारायण प्रकरणात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा असल्याचं त्याच निकालात नोंदवलं. पोकरबद्दल गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो नशिबाचा खेळ असल्याचं म्हटलं. पश्चिम बंगालच्या 1957 च्या कायद्याने मात्र जुगाराच्या व्याख्येतून ब्रिज आणि रमीच्या जोडीने पोकरही वगळला आहे.

रमीच्या त्या निकालातलं एक वाक्य कुणी सांगत नाही. क्लबचा किंवा घराचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकतो, असं न्यायालयाने तिथेच म्हटलं आहे. म्हणजे रेकचा प्रश्न न्यायाधीशांनाही दिसला होता.

आता माझं म्हणणं. समजा पोकर पूर्णपणे कौशल्याचा आहे. मग त्याने खेळणाऱ्याची जबाबदारी कमी होते की वाढते? लास वेगासच्या 2010 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे निकाल स्टीव्हन लेविट आणि थॉमस माइल्स या अभ्यासकांनी तपासले. आधीपासून तरबेज म्हणून ओळखल्या गेलेल्यांना गुंतवलेल्या रकमेवर सरासरी 30 टक्क्यांवर फायदा झाला होता आणि बाकीच्यांना 15 टक्क्यांच्या आसपास तोटा. हा अभ्यास पोकरच्या बाजूचे लोक हौसेने सांगतात. मला त्यात दुसरी बाजू दिसते. ज्याला खेळ येतो तो ज्याला येत नाही त्याच्याकडून पैसे घेतो, आणि हे त्याला बसण्याआधीच माहीत असतं. निव्वळ नशिबाच्या डावात निदान दोघं सारखेच आंधळे असतात.

शेतीही जुगारच आहे, मासेमारीही. मग पोकरलाच नावं का ठेवता?

हे मला मुख्यतः आंबा बागायतदारांची मुलं विचारतात, आणि त्यांचा वैताग खरा आहे. मोहोर आला की तुडतुडे, ते आवरले की फुलकिडे, आणि एप्रिलात एक अवकाळी पाऊस झाला की वर्षाची फवारणी पाण्यात. बोटीचंही तसंच. डिझेल, बर्फ, रेशन भरून समुद्रात जायचं आणि कधी कधी खर्चापुरतीही मासळी मिळत नाही.

धोका दोन्हीकडे आहे हे मान्य. पण बागेत आंबा तयार होतो. तो कुणीतरी खातो, पेटी बांधणाऱ्याला मजुरी मिळते, टेंपोवाल्याला भाडं मिळतं. तुमचं पीक चांगलं यायला शेजाऱ्याचं बुडावं लागत नाही. आणि आपल्या किनाऱ्यावर धोका वाटून घ्यायची जुनी रीत आहे. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढायला जेवढे हात लागले तेवढ्यांना त्यात वाटा मिळतो. जाळ्यात भरभरून मासळी आली तरी वाटे, थोडी आली तरी वाटे. बोटीवरही खर्च वजा जाता मालक, तांडेल आणि खलाशी यांचे वाटे ठरलेले असतात. नुकसान एकट्याच्या डोक्यावर पडू नये म्हणूनच ही व्यवस्था आहे. पोकरच्या टेबलावर एकाचं नुकसान हीच दुसऱ्याची मिळकत, आणि हरणारा एकटाच घरी जातो.

आणि शेअर बाजार?

कंपनीचे शेअर घेऊन वर्षानुवर्षं ठेवणं वेगळं. तिथे मागे एक धंदा चाललेला असतो. फ्युचर्स-ऑप्शन्सचा, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर करार करायचा, रोजचा खेळ मात्र पोकरच्या फार जवळ जातो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं की मार्च 2024 पर्यंतच्या तीन आर्थिक वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. त्यामुळे 'मी पोकर सोडून ऑप्शन्स करतोय' असं कुणी सांगितलं तर मला बरं वाटत नाही.

खेळणारे सगळे सज्ञान, राजीखुशीने बसलेले. मग कुणाचं काय बिघडतं?

एक मावशी पतसंस्थेत आल्या. रुमालाची गाठ सोडून त्यांनी दोन पाटल्या काढल्या. आतल्या बाजूने झिजून गुळगुळीत झालेल्या, म्हणजे रोज हातात असलेल्या. अर्जावर कर्जाचं कारण लिहावं लागतं. "गो बाय, झिलाक जाळी घेवची आसत," त्या म्हणाल्या आणि मी 'जाळी खरेदी' असं लिहिलं. जुलै महिना होता. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि ऑगस्टला बोटी सुटायच्या आत जाळी लागतातच, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. पैसे मुलाच्या खात्यात गेले आणि तिथून पोकरच्या अॅपवर. व्याज थकल्याची नोटीस घरी पोचली तेव्हा मावशींना कळलं. त्या परत आल्या त्या भांडायला नाही. पाटल्या अजून आमच्या तिजोरीतच आहेत ना, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मुलाचं नाव त्यांनी काढलं नाही.

त्या रात्री त्याच्यासमोर जे कोण खेळत होते ते सज्ञान होते, राजीखुशीने बसले होते. मुलगाही सज्ञान. मावशींची राजीखुशी कुणी विचारली? कोकणातल्या घरांत पैसा एकट्याचा नसतो. मुंबईहून येणारी मनिऑर्डर गेली आणि मोबाइलवरून पाठवायची सोय आली, पण त्या पैशावर घरातल्या पाच-सहा माणसांचं पोट अवलंबून आहे हे बदललं नाही. टेबलावर एक माणूस बसतो आणि पणाला सगळं घर लागतं. भर सभेत द्रौपदीने हाच प्रश्न विचारला होता, की आधी स्वतःला हरलात की मला? त्या सभेतही खेळणारे सगळे राजीखुशीनेच बसले होते.

म्हणून 'त्याने स्वतःहून पैसे लावले' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

गणपतीत जागरणाला दहा-वीस रुपये लावून खेळतो. त्यातही पाप?

अजिबात नाही. गणपतीत भजन आटोपल्यावर माजघरात चादर पसरून पत्ते मांडले जातात, आजोबांपासून शाळकरी पोरापर्यंत सगळे बसतात, आणि चहाच्या तिसऱ्या फेरीला कुणीतरी पत्ते लपवताना सापडतो. हे टिकायला हवं. शंभर-दोनशे रुपये इकडचे तिकडे झाले तर बिघडत नाही, कारण रेक घेणारा कुणी नसतो आणि सकाळी जिंकलेला भाचा सगळ्यांना वडापाव आणतो.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. रकमेची मर्यादा बसण्याआधी ठरवा, आणि ती टेबलावरच्या सर्वात कमी कमावणाऱ्याला विचारून ठरवा. मुंबईचा इंजिनीअर भाऊ आणि गावात रिक्षा चालवणारा भाऊ एकत्र बसतात तेव्हा 500 रुपये दोघांना सारखे नसतात. रिक्षावाला भाऊ 'नको' म्हणणार नाही, कारण सगळ्यांसमोर कमीपणा येतो. दुसरं, उधारी चालू करू नका. चिठ्ठीवर लिहून खेळायला लागलात की तो घरगुती डाव उरत नाही.

जत्रेत दशावताराच्या बाजूला जुगार बसतो, त्याचं काय?

तो बेकायदा आहे. पोलिस उठवतात, पुन्हा बसतो. जत्रेत पोरं खाजं आणि खेळण्यांसाठी पैसे घेऊन येतात ते तिथे संपतात. देवस्थानाच्या मानकऱ्यांनी आणि गावकीने ठरवलं तर तो बसू शकत नाही, हे मी अनेक गावांतल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं आहे.

पण गोव्यात तर सगळं कायदेशीर आहे. तिथे जाऊन खेळलो तर?

गोव्यात 1976 च्या जुगारविरोधी कायद्यात 1992 मध्ये दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांवरच्या जुगाराला परवानगी मिळाली. पुढे पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरचे खेळही सुरू झाले. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या त्या दिव्यांच्या बोटी आता आपल्याकडच्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. बांद्याहून निघालं की तास-दीड तासात तिथे पोचता येतं.

लोकांना एक गोष्ट माहीत नसते. गोव्याच्या सरकारने 1 फेब्रुवारी 2020 पासून आपल्याच रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी घातली. गोयंकराला आत खेळता येत नाही. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या मुलाच्या आधारकार्डावर महाराष्ट्राचा पत्ता असतो, म्हणून तो पर्यटक ठरतो आणि त्याला आत घेतात. त्याची बोली तीच, देव तेच, कित्येकांचं आजोळ गोव्यातल्या पेडण्यात. तरी पत्रादेवीच्या सीमेपलीकडचं सरकार ज्या टेबलापासून आपल्या पोरांना लांब ठेवतं, तिथे आमची पोरं गिऱ्हाईक म्हणून चालतात. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो. गोव्याने बंदी घातली याचा अर्थ तिथल्या राज्यकर्त्यांना या धंद्याने घराचं काय होतं ते नीट ठाऊक आहे.

प्रवेशाच्या पैशात जेवण, दारू आणि थोड्या चिप्स मिळतात, म्हणून मुलं 'फुकटची मजा' समजून जातात. आत पोकरचं टेबल एका कोपऱ्यात आणि बाकी रूले (फिरत्या चाकावर आकडा लावायचा खेळ), अंदर बाहर, यंत्रं. रूलेच्या चाकावर एक शून्य असतं. तेवढ्यावरच कॅसिनोची सरासरी 2.7 टक्के वरचढ असते, आणि ती कुणाच्याही कौशल्याने कमी होत नाही. पोकर खेळायला गेलेला माणूस परतताना फक्त पोकर खेळून परतत नाही.

कॅसिनोमुळे रोजगार मिळतो, सरकारला कर मिळतो. सिंधुदुर्गातही आणावेत का?

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हापासून हा विषय अधूनमधून निघतो. महाराष्ट्रात 1976 चा कॅसिनो कायदा होता. तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये सरकारने तो मोडीत काढला. मला तो निर्णय योग्य वाटतो.

रोजगार मिळतो हे खरं आहे. आपल्या भागातली मुलं तिथे डीलर, वेटर, सुरक्षारक्षक म्हणून काम करतात, घरी नियमित पगार येतो, आणि त्या मुलांना मी एका शब्दाने दोष देणार नाही. कराचंही खरं आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून कॅसिनो आणि जुगारावर 40 टक्के जीएसटी आहे, आणि जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के प्राप्तिकर. पण तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करायला आलेला पर्यटक पैसे देतो आणि समुद्र बघून जातो. त्यात कुणाचं घर रिकामं होत नाही. ज्या जिल्ह्यात असे धंदे उभे राहू शकतात, त्याने हरणाऱ्यांवर चालणारा धंदा का मागावा?

महाराष्ट्रात घरी किंवा क्लबमध्ये पैसे लावून खेळलो तर पकडतात का?

इथे 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. जुगाराचा अड्डा चालवणं, तिथे खेळताना सापडणं, सार्वजनिक जागी जुगार खेळणं हे गुन्हे आहेत. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, आणि पोकर त्यात बसतो की नाही यावरच सगळा वाद. रेक काढणारा कुणी असेल तर तुमची बाजू आणखी लंगडी होते. धाडीत नाव आलं की नोकरी, पासपोर्ट, सरकारी भरती सगळ्यांत निस्तरावं लागतं.

ऑनलाइन पोकर आता बंद झाला ना?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्याने बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. त्याला बळी मानलं आहे. कंपन्या या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. देशातल्या मोठ्या अॅपनी पैशांचे खेळ थांबवले.

बंदीनंतरची खरी भीती परदेशी अॅपची आहे. टेलिग्रामवर लिंक येते, पैसे कुणातरी अनोळखी माणसाच्या खात्यावर यूपीआयने टाकायला सांगतात. तुमचे पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार? आणि त्याच लोकांना खाती हवी असतात. 'तुझं खातं वापरायला दे, महिन्याला अमुक मिळतील,' असं सांगून कॉलेजच्या मुलांकडून पासबुक आणि सिमकार्ड घेतलं जातं. मग पोलिसांचं पत्र येतं ते त्या मुलाच्या नावाने. हे कुणी विचारलं तर साफ नाही म्हणा. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवा.

आणखी एक सांगते. 2017 मध्ये लिब्रेटस नावाच्या संगणक प्रोग्रामने जगातल्या नामांकित पोकर खेळाडूंना समोरासमोरच्या खेळात हरवलं, 2019 मध्ये प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावर तेच केलं. पडद्यापलीकडे माणूस बसला आहे याची आज काय खात्री?

जिंकलेल्यातून देवळाच्या जीर्णोद्धाराला किंवा शाळेला दिलं तर चालेल?

द्यायचंच असेल तर पगारातून द्या. दुसऱ्याच्या घरचा किराणा देवळाच्या पावतीवर तुमच्या नावाने जमा होणं मला पटत नाही.

मला खेळ खरंच येतो. पोटापाण्याचं साधन केलं तर?

वर सांगितलेला हिशेब पुन्हा पाहा. रेक, 30 टक्के कर आणि नशिबाचे चढउतार काढून शिलकीत राहायचं असेल तर तुम्हाला सतत तुमच्यापेक्षा कच्चे खेळाडू हवेत. तुमचा व्यवसायच कच्चा माणूस शोधायचा होतो. जगात असे काही लोक आहेत जे बरोबरीच्या श्रीमंत, तरबेज माणसांशीच खेळतात. त्यांच्याबद्दल माझं फारसं म्हणणं नाही. कणकवली किंवा चिपळूणमध्ये बसून तुम्हाला मिळणारं गिऱ्हाईक मात्र ट्रकवाला, कंत्राटी कामगार, नुकतीच जमीन विकून हातात पैसा आलेला माणूस. तुमच्या डोक्यातलं गणित एवढं चांगलं असेल तर बँकेची परीक्षा द्या, विम्याचं गणित शिका, मुलांची शिकवणी घ्या. त्या हुशारीला इथे मागणी आहे.

समोरच्याला झेपत नाही हे कसं ओळखायचं?

तो हरल्यावर लगेच दुप्पट लावतो. 'एक शेवटचा' असं म्हणून पुन्हा बसतो. घरून फोन आला की बाहेर जाऊन घेतो, किंवा घेतच नाही. कुणाकडे तरी उसने मागतो. गप्पा मारणं थांबवतो. या खुणा टेबलावरच्या प्रत्येकाला दिसतात. दिसत नाही असं कुणी म्हणू नये, कारण पोकर म्हणजे समोरच्याचा चेहरा वाचायचाच खेळ. ज्याला ब्लफ ओळखता येतो त्याला घाबरलेला माणूसही ओळखता येतो. अशा वेळी डाव मोडा, त्याला घरी सोडा, आणि शक्य असेल तर त्याचे पैसे परत करा. लोक हसतील. हसू द्या.

मुलगा किंवा नवरा अडकलाय. काय करू?

सगळ्यात आधी ओरडा थांबवा. जुगाराचं व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो व्यसनांच्या गटात नोंदलेला आहे. शपथा घालून, देवाला कौल लावून तो जात नाही. कौल लावायचा तर लावा, पण बरोबर डॉक्टरही गाठा. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवता येतं.

पैशाची सूत्रं काही महिने दुसऱ्याच्या हातात द्या. पगाराचं खातं, एटीएम कार्ड, यूपीआयची मर्यादा, सगळं. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि लॉकर त्याच्या नावावर नको. तुमच्या सोन्यावर, जमिनीवर, बचत गटातल्या नावावर कर्ज काढून त्याचं देणं एका फटक्यात फेडू नका. असं केलं की त्याला पुन्हा कोरी पाटी मिळते आणि तो पुन्हा बसतो, हे मी काउंटरवरून वारंवार पाहते. आधी सगळ्या देण्याची यादी त्याच्याकडून लिहून घ्या. पहिली यादी बहुधा अपुरी असते, आठवड्याने पुन्हा विचारा.

तो स्वतःच्या जिवाचं काही बोलायला लागला तर त्या रात्री त्याला एकटा ठेवू नका आणि लगेच रुग्णालयात न्या.

हरलेले पैसे मागायला लोक दारात येतात. द्यावेच लागतात का?

भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. जुगारात जिंकलेले पैसे कोर्टात दावा लावून वसूल करता येत नाहीत. मुंबई इलाख्यासाठी 1865 मध्ये आणखी एक कायदा झाला होता. त्यामुळे आपल्याकडे जुगारासाठी म्हणून दिलेली उसनवारीही त्याच मापाने मोजली जाते. म्हणून कुणी कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागितली, चेक मागितला, किंवा हे देणं 'हातउसने' म्हणून लिहून दे म्हणाला, तर सही करू नका. देणं जुगाराचं होतं ही गोष्ट त्या कागदाने पुसली जाते. दारात येऊन धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे. तारीख, वेळ, माणसं लिहून ठेवा, फोन आले तर जपून ठेवा आणि पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या. सरपंच किंवा पोलिस पाटील बरोबर आले तर चांगलंच. बाई एकटी गेली तर 'घरातलं भांडण' म्हणून परत पाठवायचा प्रयत्न होतो. परतू नका, पोच घेऊनच निघा.

बँकेचं, पतसंस्थेचं, सोनाराचं रीतसर कर्ज मात्र फेडावंच लागतं, पैसे कुठे गेले याच्याशी त्यांचा संबंध नाही. हप्ता झेपत नसेल तर थकायच्या आधी येऊन बोला. मुदत वाढवून घेता येते, काही वेळा थोडे दागिने विकून उरलेले सोडवता येतात. लिलावाची नोटीस निघाल्यावर आमच्याही हातात फार राहत नाही.

पैशाशिवाय पोकरला मजाच नाही म्हणतात. मुलांना शिकवू का?

जरूर शिकवा. शक्यता म्हणजे काय हे शिकवायला याच्याइतका सोपा खेळ दुसरा नाही. आमच्या वाडीतल्या वाचनालयात मे महिन्याच्या सुट्टीत मुलं चिंचोक्यांवर पोकर खेळतात. प्रत्येकाला सारखे चिंचोके, संपले की तो बाद, शेवटी उरेल तो विजेता. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधी लावायची सक्तीची बोली, दर वीस मिनिटांनी वाढवत न्यायची म्हणजे डाव रेंगाळत नाही. बाद झालेल्याने वाटप करायचं, त्यामुळे तोही बसून राहतो. बारा वर्षांची पोर समोरच्या काकांना ब्लफ करून उठवते तेव्हा होणारा आरडाओरडा ऐकलात तर मजा नाही असं तुम्ही म्हणणार नाही.

पैसे नसले की लोक काहीही बोली लावतात, हा आक्षेप बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणजे एका रात्रीवर न थांबता सुट्टीभराचे गुण फळ्यावर लिहीत जा. नाव फळ्यावर सगळ्यांना दिसतं म्हटल्यावर चिंचोके जपून वापरले जातात. आणि मुलांकडून एक वही ठेवून घ्या: कोणते दोन पत्ते होते, काय केलं, काय झालं. महिन्याभराने ती वाचताना त्यांना स्वतःलाच दिसतं की 'मला आतून वाटलं होतं' म्हणून लावलेले किती डाव हरलेत.